पेरूचा ख्रिस्त

आमच्या लहानपणी पेणमध्ये सफरचंद हे फळ नव्हतं, औषध होतं. कुणाच्या पिशवीतून लाल काही डोकावलं की बाजारात चार माणसं थांबवून विचारायची, कोण आजारी आहे. पिशवी भरलेली दिसली तर विचारायचीही नाहीत, नुसती हळहळायची. त्यामुळे माझी आत्या माथेरानहून कायमची आमच्याकडे राहायला आली आणि तिच्या ट्रंकेवर सफरचंदांची पिशवी दिसली, तेव्हा आईने दारातच तिला बरं नाही का म्हणून विचारलं. आत्या म्हणाली, मी ठणठणीत आहे, ही चैन म्हणून आणलीत. चैन हा शब्द आमच्या घरात तोवर फक्त गळ्यातल्या दागिन्यासाठी वापरला जायचा, आणि तोही दुसऱ्याच्या गळ्यातल्या.

आत्या ही बाबांची थोरली बहीण. तिला रोह्याला दिली होती. माझा जन्म झाला त्याच सुमारास ती नवऱ्याचं घर सोडून निघाली ती माहेरीही आली नाही, थेट माथेरानला गेली आणि एका एकट्या म्हाताऱ्या बाईच्या बंगल्यावर स्वयंपाकाला राहिली. का निघाली हे आमच्यात कुणी विचारलं नाही. विचारायचं नाही हा आमच्या घरचा कुळाचार होता. रोहा हे नावसुद्धा बाबा तोंडातून काढत नसत. कोलाडच्या पुढे जायचं असेल तर 'तिकडे' म्हणत. एसटी स्टँडवर रोह्याची पाटी लावलेली गाडी उभी असली तर ते तिच्याकडे पाठ करून उभे राहात, जणू ती गाडी खाली उतरून काहीतरी विचारणार होती. मग ती म्हातारी बाई गेली, बंगल्याला कुलूप लागलं, आणि आत्या एक ट्रंक, एक पांढरं निळ्या काठाचं इनॅमलचं पसरट भांडं आणि ती सफरचंदं घेऊन पेणला उतरली.

आमचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हटलं की आता लोकांना डोळ्यांसमोर चिमणी येते, पण आमच्याकडे त्याला दुसरा शब्द नव्हता. पुढे लांबलचक पत्र्याची पडवी, तिथे गणपती. मागे दोन खोल्या, तिथे आम्ही. जागा कुणाला जास्त होती हे सांगायला नको. श्रावणात तर आम्ही गणपतींच्या मधून वाट काढत मोरीवर जायचो. अनंत चतुर्दशी झाली की मात्र सगळं एकदम गप्प व्हायचं. मागणी नसलेले, सोंड जरा चुकलेले, रंगाला उशीर झालेले असे काही गणपती मागे राहायचे, त्यांना जुन्या धोतरांत गुंडाळून भिंतीला लावलं जायचं. शाडूचा ओला वास उन्हाने सुकायचा. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापायचं आणि पलीकडच्या आळीतून पोह्यांच्या गिरणीची धडधड दिवसभर ऐकू यायची. या दिवसांत बाबांना काम नसे, आणि काम नसलेले बाबा म्हणजे एक मोठाच गणपती, विसर्जन न झालेला.

आत्याने आल्यापासून आठवडाभरात परसात भट्टी बांधली. तडा गेलेला एक रांजण आडवा घातला, त्यावर उरलेली माती आणि भाताचं तूस कालवून जाड लिंपण दिलं आणि पुढे तोंड ठेवलं. हात आमच्याच घरातला, त्यामुळे झालं काय, की ती भट्टी वाळल्यावर हुबेहूब गणपतीच्या पोटासारखी दिसायला लागली. बाबा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, आक्का, इथे गणपती घडतात. आत्या म्हणाली, मग बरंच आहे, सगळ्या देवांत खायची आवड त्यालाच. थोरल्या बहिणीपुढे त्यांना कधीच काही सुचत नसे. पण भट्टीत पहिल्यांदा जाळ घातला तेव्हा ते घरात निघून गेले. गणपतीच्या पोटात आग पेटलेली त्यांना बघवली नाही.

बंगल्यावरची बाई दर वर्षी पावसाळा सरला की एक गोड पदार्थ करवून घ्यायची. खाली सफरचंदाच्या फोडी, वर लोणी, साखर आणि डब्यातून येणाऱ्या कसल्याशा विलायती धान्याचा चुरा, आणि सगळं भट्टीत घालून वरून खरपूस, खालून रसरशीत भाजायचं. त्याला क्रिस्प म्हणायचे. आणलेली सफरचंदं पहिल्याच खेपेला संपली. आई म्हणाली, झालं, आता आजारी पडल्याशिवाय पुन्हा यायची नाहीत. मग आत्याने परसातल्या पेरूकडे पाहिलं. आमचा पेरू आश्विनात असा लगडायचा की पोपटसुद्धा कंटाळून उडून जायचे. आणि विलायती धान्य नव्हतं तर पोहे होते. पेणमध्ये पोह्यांना काय तोटा?

ते करायला मी तिच्या हाताखाली होते, म्हणून अजून सगळं आठवतं. पेरू पिकलेले पण घट्ट हवेत. त्यांचा बियांचा गर काढून वेगळा शिजवायचा आणि चाळणीतून घासून त्याचा रस फोडींवर ओतायचा. वर चिरलेला गूळ, लिंबू, चिमूटभर मीठ, जायफळ. जाडे पोहे कढईत कोरडे भाजून तळहातांत चुरायचे, त्यात कणीक आणि थोडी साखर घालायची, आणि मग तूप. तूप थिजलेलं हवं, ही मोठी अडचण होती, कारण पेणच्या ऑक्टोबरात माणूसही थिजलेला राहात नाही. आत्या तुपाची वाटी झाकून रात्रभर माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची. सकाळी ते तूप बोटांच्या टोकांनी पोह्यांत चोळायचं, तळहात लावायचा नाही, आणि ओल्या वाळूसारखं झालं की थांबायचं. भट्टीत लाकडं जाळून निखारे बाहेर ओढायचे, भांडं आत सारायचं आणि तोंडावर ओला पाट लावायचा. थोड्या वेळाने पाटाच्या फटीतून वास यायचा, आणि तो आला की आमच्या घरातलं आणि शेजारच्या चार घरांतलं बोलणं थांबायचं.

माझी नात मध्यंतरी फोनवर याच पदार्थाची कृती दाखवत होती. ओट्स घ्या, अमुक अंशांवर इतकी मिनिटं ठेवा. मी तिला म्हटलं, आमच्याकडे अंश म्हणजे आत्याचा हात. ती भट्टीत कोपरापर्यंत हात घालायची आणि 'आई गं' असं तोंडून निघालं की भांडं आत. नातीला वाटलं मी गंमत करते आहे. मला आता साखरेची मनाई आहे, त्यामुळे मी फक्त बोलून खाते.

तर त्या वासाने ओढल्या गेलेल्यांत पहिल्या होत्या शेजारच्या गोदाकाकू. विरजण मागायच्या निमित्ताने आल्या आणि हे काय करताय म्हणाल्या. आत्या म्हणाली, क्रिस्प. काकूंनी दोनदा विचारलं, आत्याने दोनदा सांगितलं. काकू विरजण न घेताच घरी गेल्या. संध्याकाळी आळीत बातमी होती की माथेरानवाली गणपतीच्या कारखान्यात ख्रिस्त करते. दोन दिवसांत ती 'ख्रिस्ती झाली' अशी झाली, कारण तेच वाक्य जास्त सोपं होतं. मग पुरावे सापडायला लागले. तिच्या गळ्यात मंगळसूत्र नाही. ती चमच्याने खाते. कुणाला धक्का लागला तर सॉरी म्हणते. रविवारी दुपारी दार लावून घेते. दार लावून ती घोरायची, पण आळीने ती प्रार्थना धरली.

बाबांना हे न्हाव्याकडे कळलं, गालाला साबण लागलेला असताना, म्हणजे उठून जायचीही सोय नव्हती. घरी येऊन त्यांनी आत्याला काही विचारलं नाही. कुळाचार. फक्त त्या दिवसापासून पडवीत उदबत्त्या जास्त लागायला लागल्या. आईनेही विचारलं नाही, पण भट्टीतलं काही पुढे आलं की तिचा उपवास निघायचा. त्या महिन्यात आईला इतके उपवास निघाले की पंचांगातही तेवढे नसतील. आत्याला सगळं कळत होतं. ती मला एकदा म्हणाली, लोकांनी बाटवलंय तर बाटवू दे, फुकटात झालंय. मला हसू आलं, तिला आलं नाही.

दसऱ्यानंतर रोह्याहून निरोप आला. आत्याच्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, नाना, एसटीच्या ड्रायव्हरबरोबर सांगून पाठवत होते: म्हातारी आई पडून अंथरुणाला खिळली आहे, घरात बाईमाणूस नाही, मागचं सगळं विसरून आम्ही दोघे भाऊ वहिनीला मानाने न्यायला येतो. घरात बाईमाणूस नाही याचा अर्थ मला नंतर कळला. आतोबांनी आत्याच्या नंतर, खरं तर आत्या असतानाच, एक बाई आणून ठेवली होती. तीही आता निघून गेली होती.

बाबांनी जेवताना हा निरोप सांगितला. सांगताना ते भाताकडे बघत होते. म्हणाले, न्यायला येतायत ही मोठी गोष्ट आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, हिचीही शाळा संपेल आता, उद्या हिला स्थळं बघायची, तर लोक विचारणार की आत्या घरी का. म्हणजे आत्याला रोह्याला पाठवायचं कारण मी निघाले. माझा घास तोंडातच राहिला. आत्या मात्र ताटातलं सगळं संपवून म्हणाली, येऊ दे की. मग मला विचारलं, झाडावर पिकलेले किती असतील गो? बाबांना सुटल्यासारखं वाटलं. त्यांना आता एकच काळजी होती, की ती ख्रिस्ताची बातमी वडखळच्या पुढे गेली नसावी. पण एसटी वडखळला थांबते, बातमी थांबत नाही.

ते यायच्या दिवशी सकाळी मी आत्याच्या खोलीत गेले तर ट्रंक भरलेली होती. साड्या घड्या घालून, कंगवा, आरसा, सगळं. मी रडायला लागले. तिने मला रागावून पोहे भाजायला बसवलं. तिच्या मनात काय होतं हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि अजूनही नक्की सांगता येत नाही. ट्रंक खोटी नव्हती एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

दुपारच्या गाडीने दोघे आले. बाबांनी त्यांना पडवीत खुर्च्या दिल्या, धोतरांत गुंडाळलेल्या गणपतींच्या समोर. नाना काळ्या टोपीतले, ताठ, खुर्चीवर आधी रुमाल पसरून बसणारे. आतोबांना मी पहिल्यांदाच बघत होते. इतकी वर्षं माझ्या मनातल्या आतोबांना मोठ्या मिशा होत्या. प्रत्यक्षात ते गोल, मऊ गृहस्थ निघाले आणि त्यांची नवी चप्पल त्यांना चावत होती. सगळं बोलणं चालू असताना ते एक टाच उचलून बसले होते. बोलले नानाच. घराण्याची अब्रू, आईची सेवा, बाईची जागा कुठे असते, झालं गेलं गंगेला मिळालं. त्या दुसऱ्या बाईचं नाव आलं नाही. तीही गंगेलाच मिळाली असावी. बाबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मग नानांचा आवाज खाली आला. म्हणाले, आणखी एक कानावर आलंय, ते तेवढं खोटं हाय असं तुमच्या तोंडून ऐकायचंय.

बाबा काही बोलणार तेवढ्यात आत्या परसातून आली. दोन फडक्यांत धरलेलं ते इनॅमलचं भांडं, वर वाफ, कडेने गुळाचा पाक बुडबुडत होता. तिने ते त्यांच्यासमोरच्या स्टुलावर ठेवलं आणि पदराने कपाळ पुसलं. कितीतरी वर्षांनी नवरा बघत होती, पण आधी तिने भांडं नीट बसलंय का ते बघितलं.

नाना म्हणाले, "वहिनी, ख्रिस्ताचं आमच्या कानावर आलंय."

"व्हय," आत्या म्हणाली. "पेरूचा हाय. आत्ताच भट्टीतनं काढला. जपून घ्या, तोंड भाजेल."

बाबांनी डोळे मिटले. नाना भांड्याकडे बघत राहिले, मग आत्याकडे, मग पुन्हा भांड्याकडे. आत्याने चार बश्यांत वाढलं आणि चमचे ठेवले. नानांनी बशी बोटाने लांब सारली. आतोबांनी जवळ ओढली. सकाळी रोह्याहून निघालेला माणूस, वडखळला गाडी पाऊण तास उभी, त्याला भूक लागली होती. त्यांनी एक चमचा तोंडात घातला, डोळ्यांत पाणी आलं तरी थांबले नाहीत, आणि दुसरा भरला.

मग आत्याने शांतपणे सांगितलं की ट्रंक भरलेली आहे, परतीच्या गाडीने येते. तिकडे परसात भट्टीपुरती जागा असेलच. सासूबाईंनाही रोज हेच करून घालीन, दात नसले तरी चालतं. हे ती इतक्या साधेपणाने बोलली की मला वाटलं, ही खरंच निघाली. नाना घाईने म्हणाले की तसं नव्हे, आईचं शिवाशिवीचं फार, ती हिच्या हातचं पाणी घेणार नाही, एकदा तिला विचारावं लागेल. मग बाबांकडे वळून त्यांनी विचारलं, शुद्ध करून घेण्याचं काही होतं का, पेणमध्ये कुणी भटजी तसं करतात का. आणि माझे बाबा, देव घडवणारा माणूस, त्यावर विचार करायला लागले. मला ते दिसलं. भुवया आकसून ते खरंच आठवत होते की कोणता भटजी हे काम घेईल.

तेव्हा आई आतून आली. ती कधी पाहुण्या पुरुषांसमोर येत नसे, दाराआडून बोलायची. डोक्यावरचा पदर सावरत ती सरळ स्टुलापर्यंत आली, नानांनी लांब सारलेली बशी तिने उचलली आणि उभ्याउभ्या खायला लागली. एक घास, दुसरा घास. पडवीत फक्त पोहे कुरकुरल्याचा आवाज होता.

नाना खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे तुम्ही पण?"

"मी पण काय?" आई म्हणाली. "भूक लागलीय." आणि मग आत्याकडे वळून, "वन्सं, गूळ जरा कमी पडलाय."

आत्या इतका वेळ दगडासारखी उभी होती. तिने मान खाली घातली आणि म्हणाली की हो, पेरू आंबट निघाले.

नानांनी रुमाल झटकून खिशात घातला. बाटलेलं घर सगळंच्या सगळं समोर उभं होतं, आणि त्यांचा सख्खा भाऊ त्याच घरात बशी चाटत होता. त्यांनी आतोबांचं कोपर धरून त्यांना उठवलं. पायरीवर आतोबा थांबले. सबंध भेटीत ते पहिल्यांदाच तोंड उघडत होते, तेही आत्याकडे न बघता. म्हणाले, "बरी हायस ना?" आत्या म्हणाली, "व्हय." मग ते एक पाय ओढत स्टँडकडे गेले. पुन्हा रोह्याहून कुणी आलं नाही. माझी एकदोन स्थळं पुढे या बातमीने मोडली आणि ती मोडली हे फार बरं झालं. त्यातल्या एकाला मी नंतर बघितलं आहे. त्या पदार्थाचं नाव मात्र आळीत ख्रिस्तच पडलं. दिवाळीत फराळाची ताटं यायची तेव्हा गोदाकाकू स्वतः म्हणायच्या, तुमचा ख्रिस्त जरा जास्त घाला.

पण त्या संध्याकाळी अजून तसं काही झालं नव्हतं. आत्या पडवीच्या पायरीवर बसली होती, आई शेजारी, मी मागे. बाबा बराच वेळ एका गणपतीचं धोतर नीट करत होते, जे नीटच होतं. शेवटी ते येऊन खालच्या पायरीवर बसले.

"आक्का," ते म्हणाले, "खरं सांग. बाटलीस काय गो?"

"नाय रे."

"मग त्यांना का नाय सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं कुठं? त्यांनी ऐकलेलं सांगितलं." मग ती म्हणाली, "तू विचारलंस. महिना लागला, पण विचारलंस."

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं आता, आता हे उठून उदबत्ती लावणार. पण त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. रोह्याहून का निघालीस. आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्याने बोलला गेला, आणि आभाळ कोसळलं नाही. आत्याने पाय लांब केले आणि सांगायला लागली. ती दुसरी बाई आणली तेव्हाही ती राहिली होती. एकाच चुलीवर दोघींनी दिवस काढले, बाई तशी वाईट नव्हती. मग एक दिवस आतोबांनी खाडीतला मोठा जिताडा मासा आणला आणि आत्याला म्हणाले, तुझ्या हातचं कालवण मला आवडतं, तेवढं तिला शिकव, म्हणजे तुझी अडचण नको. एवढं झाल्यावर ती उठली होती.

"मग?" बाबा म्हणाले. "नाय शिकवलंस ना?"

"शिकवलं की," आत्या म्हणाली. "सगळं शिकवलं. वाटण, तिरफळं, किती उकळायचं ते. आणि मग गाडी पकडली." तिने लांब केलेले पाय आखडून घेतले. "फक्त आमसुलं घालतात ते नाय सांगितलं."

बाबा हसायला लागले, आणि मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, पोट धरून, पायरीवर हात आपटत. इतकी वर्षं तो माणूस रोह्याला बसून तसलं कालवण खात होता.